तापट घोडा, संथ घोडा आणि चंदी-वैरणीचे गैरसमज

शर्यतीच्या, उडीच्या किंवा लांब पल्ल्याच्या घोड्याची चंदी ठरवताना अनेक पागांमध्ये आधी त्याचा स्वभाव पाहिला जातो. बुजणाऱ्या, तापट घोड्याचे ओट बंद होतात आणि संथ घोड्याच्या तोबऱ्यात हरभरा वाढतो. स्वभावाचा विचार व्हायलाच हवा, पण तो तिसऱ्या पायरीवर. आधी पुरेशी वैरण, मग कामाला लागणारी एकूण ऊर्जा, आणि ती ऊर्जा पिष्टातून, तंतूंतून की तेलातून द्यायची हे ठरवताना स्वभाव. हा क्रम उलटला की चांगले घोडे विनाकारण बिघडतात.

ओट घोड्याच्या डोक्यात जातात, हा सर्वांत जुना समज. वास्तविक नेहमीच्या धान्यांमध्ये ओट सर्वांत सौम्य आहेत. त्यांत पिष्ट 40 ते 45 टक्के असते, तर मक्यात ते 65 टक्क्यांच्या वर जाते. शिवाय ओटमधील पिष्ट लहान आतड्यातच बऱ्याच अंशी पचते. न दळलेल्या, न शिजवलेल्या मक्यातील पिष्टाचा मोठा भाग मात्र न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. घोटाळा बहुतेक वेळा मापात असतो. पागेत चंदी डब्याने मोजतात. पण एका डब्यात ओट जितके मावतात, त्याच्या कितीतरी जास्त वजनाचा मका त्याच डब्यात मावतो आणि वजनागणिक मक्यात ऊर्जाही अधिक असते. ओटऐवजी तेवढेच डबे मका दिला, तर घोड्याला जवळजवळ दुप्पट ऊर्जा मिळते. मग तो उसळ्या मारू लागला की दोष धान्याच्या ‘गरम’ गुणाला दिला जातो.

तरी या समजात सत्याचा अंश आहे. पिष्टप्रधान आहारावरील घोडे अनोळखी वस्तू किंवा आवाजाला अधिक तीव्र प्रतिक्रिया देतात आणि तंतू व तेलावर पोसलेले घोडे तुलनेने स्थिर राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पण हा परिणाम मूळ स्वभावावर चढणारा आहे, स्वभाव घडवणारा नाही. जन्मतः सावध असलेला थरोब्रेड किंवा मारवाडी घोडा धान्य बंद केल्याने निवांत होत नाही. फार तर त्याच्या बुजण्याची धार कमी होते. दिवसातले बावीस-तेवीस तास ठाणात बांधलेल्या घोड्याच्या अस्वस्थतेचे खापर चंदीवर फोडण्यात तर काहीच अर्थ नाही. त्याला आधी मोकळे फिरू द्यावे.

हरभरा आणि लसूणघास यांच्याबद्दलचा आक्षेप प्रथिनांवरून येतो. जास्त प्रथिनांमुळे घोडा ‘तापतो’ असे मानले जाते. ऊर्जेचा स्रोत म्हणून प्रथिने अकार्यक्षम आहेत. गरजेपेक्षा जास्त दिलेल्या प्रथिनांतील नायट्रोजन लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो. घोडा पाणी जास्त पितो आणि ठाणात अमोनियाचा उग्र वास येतो. तो वास फुप्फुसांना घातक असतो, पण स्वभाव त्याने बदलत नाही. हरभऱ्यात सुमारे 20 टक्के प्रथिनांबरोबर 40 टक्क्यांच्या आसपास पिष्टही असते. घोडा हरभऱ्यावर उसळत असेल, तर कारण या पिष्टात आणि एकूण ऊर्जेत शोधावे.

लसूणघासावर याहून मोठा अन्याय होतो. तिच्यात पिष्ट अगदी थोडे, कॅल्शियम भरपूर आणि प्रथिने 16 ते 20 टक्के असतात. कॅल्शियम आणि प्रथिने जठरातील आम्लाची तीव्रता कमी करतात. तापट घोड्याची लसूणघास बंद करणे हा म्हणूनच बहुधा चुकीचा निर्णय ठरतो. दिवसाला दीड-दोन किलो वाळलेली लसूणघास गवतात मिसळून आणि त्या प्रमाणात धान्य कमी करून दिली, तर अशा घोड्याला फायदाच होतो.

वैरण म्हणजे पोट भरण्याची सोय आणि खरी ताकद चंदीत, हा समज सर्वांत महागात पडतो. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचे असते आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहते, पोट रिकामे असले तरी. आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. एक किलो गवत खायला घोड्याला सुमारे 40 मिनिटे लागतात. एक किलो ओट दहा मिनिटांत संपतात. दोन्ही वेळा चंदी भरपूर आणि गवत मोजकेच असेल, तर जठर तासन्‌तास रिकामे आणि आम्लात राहते. प्रशिक्षणात असलेल्या शर्यतीच्या घोड्यांत जठरव्रण अतिशय मोठ्या प्रमाणावर आढळतात, त्याचे हे एक प्रमुख कारण. तंग आवळताना कान मागे टाकणे, चावायला धावणे, दात घासणे, चंदी अर्धवट टाकणे, काम करायला नाखूश असणे ही व्रणाची लक्षणे असू शकतात. पागेत मात्र तीच स्वभावाच्या खात्यात जमा होतात. व्रणाचे खात्रीचे निदान एंडोस्कोपीनेच होते. घोड्याला वाईट स्वभावाचा ठरवण्याआधी ती करून घ्यावी.

म्हणून किमान आकडे पाळावेत. 500 किलोच्या घोड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साडेसात किलो शुष्क वैरण रोज मिळावी. ओलावा धरून ही सुमारे साडेआठ किलो वाळलेल्या गवताइतकी होते. एका वेळच्या चंदीतील पिष्ट दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या आत ठेवावे. त्या घोड्यासाठी ही मर्यादा साधारण सव्वा किलोच्या आतले ओट किंवा पाऊण किलो मका इतकी येते. त्याहून जास्त धान्य लागत असेल, तर दोनऐवजी तीन-चार वेळांत विभागावे. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात गेले की तिथे लॅक्टिक आम्ल तयार होते, आणि पोटशूळ किंवा खुरांतला दाह, म्हणजे लॅमिनायटिस, उद्भवू शकतो. कामाच्या आधी थोडे गवत खाऊ घालणेही हिताचे असते, कारण दौडताना जठरातले आम्ल वरच्या असुरक्षित भागावर उडते आणि गवताचा थर ते अडवतो. धान्य मात्र कामाच्या किमान तीन तास आधी संपलेले असावे.

स्वभावाचा थेट संबंध ऊर्जेच्या गरजेशी आहे, आणि तो रूढ समजाच्या उलट दिशेचा आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार 500 किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला सरासरी 16.7 मेगाकॅलरी पचनीय ऊर्जा लागते. शांत, कमी हालचालीच्या घोड्याला 15.2 पुरते, तर सतत चुळबुळ करणाऱ्याला 18.2 लागते. जड कामात हीच गरज 26.6 पर्यंत जाते. म्हणजे तापट घोड्याला जास्त खुराक लागतो आणि थंड घोड्याला कमी. पागेत नेमके उलटे घडते: तापट घोडा हाडे दिसेपर्यंत रोडावतो आणि संथ घोडा लठ्ठ होतो.

तापट घोड्याची ऊर्जा कापण्याऐवजी तिचा स्रोत बदलावा. 400 मिलिलिटर वनस्पती तेलातून सव्वातीन मेगाकॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते, म्हणजे एक किलोहून थोड्या अधिक ओटइतकी. तेल पन्नास मिलिलिटरपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवावे. तेलाबरोबर ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते. काही अतिसंवेदनशील थरोब्रेड, विशेषतः तरुण घोड्या, कामानंतर स्नायू आखडून उभ्या राहतात. त्यांच्या बाबतीत कमी पिष्ट आणि जास्त तेल हा उपचाराचाच भाग असतो. विश्रांतीच्या दिवशी सगळ्याच घोड्यांचे धान्य कमी करावे. पूर्ण चंदी खाऊन ठाणात उभ्या राहिलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी स्नायू आखडण्याचा त्रास होण्याचा धोका वाढतो.

संथ घोड्याला धान्य वाढवून चपळ करता येते, हाही समज तपासायला हवा. मंदपणामागे लंगडेपणा, दातांचे दुखणे, मिठाची कमतरता किंवा निव्वळ अपुरा सराव असू शकतो. घोडा निरोगी, सडसडीत आणि पुरेसा सरावलेला असूनही झेप घ्यायच्या क्षणी कमी पडत असेल, तर थोडे जास्त पिष्ट त्याला उपयोगी पडते. वेगवान कामाचे इंधन स्नायूंतला ग्लायकोजन असतो आणि तो पिष्टातून भरून येतो. घोड्यात ही भरपाई हळू, दोन ते तीन दिवसांत होते. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी सकाळी दिलेल्या जास्तीच्या चंदीचा काही उपयोग नाही. मुळात लठ्ठ असलेल्या संथ घोड्याला धान्य नकोच. उशिरा कापलेले गवत बारीक छिद्रांच्या जाळीतून द्यावे, म्हणजे तो कमी ऊर्जेत जास्त वेळ चावत राहतो.

महाराष्ट्रात मारवेल, पवना यांसारखे गवत बहुधा पावसाळा संपल्यावर, बी धरून गेल्यावर कापले जाते. तोवर त्यातील प्रथिने चार-पाच टक्क्यांपर्यंत घसरलेली असतात. फुलोऱ्यात कापलेले गवत कितीतरी सकस असते. कामाच्या घोड्यासाठी उशिरा कापलेल्या गवताला लसूणघासाची जोड लागते. हिरव्या रंगावर भुलू नये. धूळ आणि बुरशी नसणे जास्त महत्त्वाचे. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला देऊच नये. हत्ती गवतातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. हत्ती गवत आणि कोंडा एकत्र वर्षभर दिल्यास हाडे ठिसूळ होतात आणि चेहऱ्याची हाडे सुजतात. कोंडा हलका आणि सुरक्षित मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शांत करणाऱ्या पुड्यांबद्दल थोडक्यात: मॅग्नेशियमचा उपयोग त्याची कमतरता असेल तरच संभवतो, आणि ट्रिप्टोफॅनच्या प्रयोगांतून परस्परविरोधी निष्कर्ष निघाले आहेत. काही वनस्पतिजन्य पदार्थ स्पर्धांमध्ये निषिद्ध आहेत, म्हणून घटक वाचल्याशिवाय पुडी तोबऱ्यात टाकू नये.

आहारातला कोणताही बदल किमान दहा ते चौदा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा, गवत आणि धान्य दोन्ही काट्यावर तोलावे, आणि नव्या आहाराचा स्वभावावरचा परिणाम तीन-चार आठवड्यांनंतरच पारखावा. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच घोडा कशामुळे बदलला हे कळते.