कोण कोणापर्यंत पोचत नाही?

अमेरिकेतील समाजकार्याच्या आणि मानसोपचाराच्या वाङ्मयात एक शब्दप्रयोग अनेक दशके रूढ होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही. 'ज्यांच्यापर्यंत पोचणे कठीण अशी कुटुंबे.' शाळेने एखाद्या मुलाला मानसिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे, आईने फोन करून वेळ ठरवावी, ठरल्या दिवशी खुर्ची रिकामी राहावी आणि कर्मचाऱ्याने 'कुटुंब सहकार्य करीत नाही' असा शेरा मारून फाईल मिटवावी, हा तिथल्या महानगरांतील गरीब वस्त्यांचा नेहमीचा क्रम. ज्यांच्या फायली अशा मिटत ती मुले बहुधा कृष्णवर्णीयांची, स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांची किंवा एकट्या आईच्या मिळकतीवर वाढणारी असत.

आपल्याकडच्या शिक्षकांना या शेऱ्याची ओळख पटायला वेळ लागू नये. 'पालकांना मुलाच्या शिक्षणाची आस्था नाही' हे त्याचेच मराठी भावंड. दोन्ही वाक्यांत एक सोय आहे. जो आला नाही त्याच्यावर दोष ठेवला की ज्याने बोलावले त्याच्याकडे पाहावे लागत नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अमेरिकेतील काही संशोधकांनी हा दोष उलटा फिरवून पाहिला. कुटुंबे का येत नाहीत, याऐवजी आमच्या दारात असे काय आहे की ती परत जातात, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्याची जी उत्तरे मिळाली ती आपल्या चळवळीतील माणसांनी समजून घ्यावीत इतकी मोलाची आहेत.

पण ही उत्तरे पाहण्यापूर्वी त्या परत जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोणता इतिहास उभा आहे हे पाहणे भाग आहे. 1851 साली सॅम्युएल कार्टराइट या लुइझियानातील डॉक्टराने एक नवा मनोविकार शोधून काढला. गुलामाला मालकापासून पळून जावेसे वाटणे, हा तो विकार! त्याला ग्रीक धाटणीचे भारदस्त नावही दिले. स्वातंत्र्याची इच्छा हेच जिथे वेडाचे लक्षण ठरले, तिथे मनाच्या डॉक्टरांविषयी पिढ्यानपिढ्या संशय राहिला तर नवल कसले? पुढे 1932 पासून 1972 पर्यंत, चाळीस वर्षे, अलाबामातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना खरे औषध न देता त्यांच्या देहात रोग कसा वाढतो याचे निरीक्षण केले. पेनिसिलीन हा या रोगावरचा सर्वमान्य उपचार झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. हाही 'अभ्यास'च होता. आणि 1965 चा मॉयनिहन अहवाल? त्याने गुलामीचा आणि बेकारीचा उल्लेख केला खरा, परंतु दैन्याचे मूळ शेवटी कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मोडक्या रचनेत नेऊन ठेवले. तेव्हा संशोधक दार वाजवतो आणि आई ते उघडत नाही, त्यात अज्ञान नसते. ते अनुभवातून आलेले ज्ञान असते. शिवाय आज केंद्रात बोललेला शब्द उद्या बालकल्याण खात्याकडे जाईल आणि मूल काढून नेले जाईल, ही भीती तर हाताशीच असते.

या ज्ञानाचा मान राखणारे प्रयत्न आधीही झाले होते. 1946 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झाले. फ्रेडरिक वर्थम हे मानसोपचारतज्ज्ञ आणि रिचर्ड राइट हे कादंबरीकार त्यामागे होते. फी पंचवीस सेंट. नाव मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांचे. त्याच वर्षी, त्याच हार्लेममध्ये केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने नॉर्थसाइड केंद्र काढले. त्यांचे बाहुल्यांचे प्रयोग आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहेत. 1954 च्या शाळांतील वर्णभेदाच्या निकालात त्यांचा दाखला आला. नॉर्थसाइडचे जे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते ते मात्र फारसे सांगितले जात नाही. शाळेने आपल्या मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या वर्गात बसवले आहे, ही तक्रार घेऊन आईबाप केंद्रात येऊ लागले. केंद्राने मुलांची पुन्हा चाचणी घेतली आणि अनेक मुले त्या वर्गातली नव्हतीच असे दाखवून दिले. पालक आले, कारण केंद्र त्यांच्या बाजूने शाळेशी भांडायला तयार होते. पुढच्या अर्धशतकातील सगळ्या संशोधनाचे बीज या एका गोष्टीत आहे.

मायामीत क्युबातून आलेल्या कुटुंबांबरोबर काम करणारे होसे सापोच्निक आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. मुलगा अमली पदार्थांच्या नादी लागलेला, आई फोन करते, पण मुलगा यायला तयार नाही, बाप म्हणतो हे तुझे लाड. या नकाराला रूढ मानसोपचार 'प्रतिकार' म्हणत असे आणि तो ओसरण्याची वाट पाही. सापोच्निक यांचे म्हणणे असे की कुटुंबातील ज्या नातेसंबंधांमुळे मुलाचे बिघडले, नेमके तेच संबंध त्यांना केंद्राच्या दाराबाहेर थांबवतात; म्हणून उपचार पहिल्या फोनपासूनच सुरू झाला पाहिजे. घरात शब्द कोणाचा चालतो, कोणाला काय गमावण्याची भीती आहे, हे फोनवरच समजून घ्यायचे. जो येत नाही त्याच्याशी थेट बोलायचे. गरज पडली तर त्याच्या घरी जायचे. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 108 कुटुंबे होती. नेहमीच्या पद्धतीने बोलावलेल्यांपैकी 42 टक्के उपचारात दाखल झाली, नव्या पद्धतीने 93 टक्के. शेवटपर्यंत टिकली ती अनुक्रमे 25 आणि 77 टक्के. माणसे तीच, शहर तेच. बदलली ती फक्त बोलावण्याची रीत. मग 'पोचण्यास कठीण' कोण होते?

पुढे 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात क्युबन कुटुंबांचा प्रतिसाद इतर स्पॅनिशभाषकांपेक्षा बराच कमी भरला. एका भाषेच्या लोकांना एकच 'संस्कृती' चिकटवून मोकळे होता येत नाही, हे त्यातून दिसले. आपल्याकडे 'मागासवर्गीय' या एका रकान्यात महार, मांग, चर्मकार, पारधी, भिल्ल सगळे कोंबून त्यांच्या 'मानसिकते'वर व्याख्याने देणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

शिकागोत मेरी मॅके यांनी 1990 नंतरच्या दशकात याच पहिल्या फोनवर आणखी बारकाईने काम केले. केंद्रात फोन उचलणारा माणूस सहसा फॉर्म भरतो: नाव, पत्ता, विमा, तक्रार. मॅके यांनी हा संवाद पालटला. मुलाची अडचण आईच्या मते काय आहे ते आधी ऐका. यापूर्वी अशा संस्थांत तिला काय अनुभव आला ते विचारा, आणि तो वाईट असेल तर तसा मान्य करा. येण्यात कोणता अडथळा आहे? बसचे भाडे, धाकट्या मुलांना कोण पाहणार, कामाची पाळी? त्यावर तिथेच तोड काढा. पहिल्या भेटीत आपण कोण, काय लिहून ठेवणार, ते कोण वाचणार हे आधी सांगा, आणि त्याच दिवशी एखादे प्रत्यक्ष काम करून द्या. उदाहरणार्थ, मुलाला काढून टाकायला निघालेल्या शाळेला फोन करा. नुसत्या चांगल्या फोनने पहिली भेट घडते. पण कुटुंब पुढेही येत राहावे यासाठी पहिली भेटही बदलावी लागते, असे त्यांना आढळले. ऐकताना हे किती साधे वाटते! वस्तीतला कोणताही जुना कार्यकर्ता म्हणेल, यात संशोधन ते काय? पण कार्यकर्त्याचे हे शहाणपण मोजून सिद्ध झाल्याखेरीज प्रस्थापित शास्त्राच्या कानात शिरत नाही, हीच तर अडचण आहे.

याच शिकागोत याहून धीट पाऊल टाकले गेले. एचआयव्हीचा प्रतिबंध आणि किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य यांसाठी चौथी-पाचवीतील मुलांच्या कुटुंबांबरोबर एक प्रकल्प सुरू झाला. मॅके, रोबर्टा पायकॉफ, कृष्णवर्णीय मनोचिकित्सक कार्ल बेल ही त्यातली ठळक नावे. प्रकल्प चालवायला मंडळ नेमले. त्यात विद्यापीठाच्या माणसांबरोबर वस्तीतील आईबाप आणि शाळेतले लोक बसले. कुटुंबांना कोणते प्रश्न विचारायचे, कसे विचारायचे, गटात काय बोलायचे, यावर मंडळाचे मत घेतले जाई. गट चालवायला तज्ज्ञाबरोबर वस्तीतलीच आई प्रशिक्षण घेऊन बसे. इतर घरांची दारे वाजवायला तीच जाई. पुढे प्रकल्पाचे सुकाणू विद्यापीठाकडून वस्तीतील संस्थेकडे द्यायचे, हाही त्यांच्या योजनेचा भाग होता.

हे काम नंतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळ प्रांतात गेले. तिथे अनेक पालकांना, आज्यांना नीट वाचता येत नव्हते. म्हणून छापील पाठ बाजूला ठेवून चित्रकथा तयार केली. गोष्ट अर्ध्यावर थांबवायची आणि पुढे काय व्हावे ते कुटुंबांनी बोलायचे. अक्षर नसणे म्हणजे विचार नसणे नव्हे, हे ज्यांनी जलशांतून आंबेडकरी विचार ऐकला त्यांना वेगळे सांगायला नको.

जॉर्जियाच्या ग्रामीण भागातील कामात आणखी एक मुद्दा पुढे आला. जीन ब्रोडी आणि वेल्मा मरी यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी सात आठवड्यांचा कार्यक्रम आखला. संध्याकाळी गावातल्याच जागी जमायचे, जेवण तिथेच, जाण्यायेण्याची आणि लहान मुले सांभाळण्याची सोय तिथेच. पण त्याचा गाभा वेगळा होता. वर्णद्वेष आपल्या मुलाच्या वाट्याला येणारच आहे. तो आला तर कसे उभे राहायचे आणि आपल्या काळेपणाचा अभिमान कसा बाळगायचा, हे आईबापांनी मुलांशी कसे बोलावे याचाही त्यात समावेश होता. ज्या अपमानामुळे मूल आतून पोखरले जाते त्याचे नावच जर उपचाराच्या खोलीत घेता येत नसेल, तर कुटुंबाने त्या खोलीत यावे कशाला?

एवढे सांगून झाल्यावर या संशोधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे पैसा. अनुदान काही वर्षांचे असते. ते संपले की गट मोडतो, प्रशिक्षित झालेली आई पुन्हा आपल्या पाळीच्या कामावर जाते आणि संशोधकाचे निबंध मात्र छापले जातात. दुसरी मर्यादा मुळातली आहे. अन्याय सोसण्याचे कौशल्य मुलाला शिकवणे सोपे, अन्याय करणारी शाळा बदलणे कठीण; आणि अनुदान सोप्या कामाला लवकर मिळते. 'वैविध्यपूर्ण कुटुंबे' हा आज रूढ झालेला शब्दही मला खटकतो. वैविध्य फुलांत असते. इथे प्रश्न सत्तेचा आहे. 1972 साली ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या दहा कलमी कार्यक्रमात काळ्या आणि शोषित जनतेसाठी मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली. टस्कीगीचे बिंग फुटले तेही 1972 मध्ये, आणि त्या पक्षाचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही त्याच वर्षी.

पँथरचे नाव आपण घेतले, तेव्हा हा प्रश्नही आपल्या घरात आणला पाहिजे. आपल्या वस्त्यांत मनाच्या आजाराचे नाव अजून 'ठाण्याला पाठवणे' किंवा 'येरवड्याला पाठवणे' या भाषेत घेतले जाते. पोरगा कॉलेजातून येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो, तेव्हा आई देवऋषी गाठते की डॉक्टर, याची चर्चा पांढरपेशे सुधारक मोठ्या हौसेने करतात. त्या पोराला वर्गात त्याचे आडनाव आणि प्रवेश परीक्षेतला क्रमांक कोणी कशासाठी विचारला, याची चर्चा समुपदेशकाच्या टेबलावर होत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या अठराव्या कलमात ही सेवा जातीवरून भेदभाव न होता मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. भेदभाव न करणे म्हणजे जातीविषयी मौन पाळणे, असा सोयीचा अर्थ मात्र त्याचा काढता येणार नाही.

आणि आमची कुटुंबे येत नाहीत, असे कोण म्हणतो? हैदराबादेत रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 रोजी गेला. मुंबईत डॉ. पायल तडवी 22 मे 2019 रोजी गेली. लेकीचा छळ चालला आहे हे ती जिवंत असतानाच वरिष्ठांच्या कानी घालण्याचा आपण प्रयत्न केला होता, असे तिच्या आईने जाहीरपणे सांगितले आहे. म्हणजे कुटुंब वेळेवर आले होते. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मार्च 2025 मध्ये याच न्यायालयाने, दिल्लीतील दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूच्या वेगळ्या प्रकरणात, विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य आणि आत्महत्या या विषयावर राष्ट्रीय कृतिदल नेमले. न्यायमूर्ती रवींद्र भट हे त्याचे अध्यक्ष. अशा समित्या पालकांना साक्ष द्यायला बोलावतील. शिकागोच्या त्या मंडळात पालक प्रश्न ठरवणाऱ्यांच्या बाजूला बसले होते.