शस्त्र परवाना आणि शिकारबंदी : क्रीडा नेमबाज व पीकसंरक्षक शेतकरी यांच्या संदर्भात

प्रस्तावना

बंदुकीचा परवाना हाती असला की रानडुकरावर गोळी झाडण्याचा अधिकारही आपोआप प्राप्त होतो, असा एक समज आढळतो. कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. शस्त्र बाळगण्याची परवानगी आणि ते वन्यप्राण्यावर चालविण्याची परवानगी या भारतीय कायद्यात दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिली शस्त्र अधिनियम, १९५९ खाली, तर दुसरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मिळते. दोन्हींचे प्राधिकारीही वेगळे आहेत. प्रस्तुत लेखात या दोन कायद्यांचे परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा आणि त्यांचा क्रीडा नेमबाज व पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारा शेतकरी यांच्यावर होणारा परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेने भारतीयांच्या शस्त्रांवर निर्बंध आणण्यास प्रारंभ केला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना पद्धती देशभर दृढ केली. युरोपीयांना प्रारंभी या पद्धतीतून सूट होती. त्यामुळे हा कायदा राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक ठरला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला, तो या पार्श्वभूमीवर. मात्र डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत या हक्काचा आग्रह धरला असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास विरोध केला व ती सूचना फेटाळली गेली. परिणामी भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सध्या त्याखाली शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत.

परवान्याची रीत

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, तर पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्ताकडे करावा लागतो. २०१६ च्या नियमांनुसार पोलीस अहवाल तीस दिवसांत येणे आणि तो आल्यापासून साठ दिवसांत निर्णय होणे अपेक्षित आहे. शस्त्राच्या सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था यांवर हे नियम भर देतात. प्रत्येक परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होऊन त्यास विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात व कलम १८ खाली अपील करता येते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, ही कलम १४ मधील तरतूद लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

परवाना कशासाठी द्यावा, हे कलम १३ सांगते. संरक्षण किंवा क्रीडा यांसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यास लक्ष्यवेधाच्या सरावासाठी शस्त्र, असे प्रयोजनांचे वर्ग त्यात आहेत. अन्य प्रसंगी अर्जदारास सबळ कारण दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

क्रीडा नेमबाज : स्पष्ट वाट

दोन शस्त्रांची मर्यादा नेमबाजांना जाचक ठरली असती. कारण प्रत्येक क्रीडाप्रकाराचे शस्त्र वेगळे असते. म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचनेद्वारे सवलती वाढविल्या. एका प्रकारात ख्यातनाम असलेल्या नेमबाजास आठ, दोन प्रकारांत दहा आणि त्याहून अधिक प्रकारांत बारा शस्त्रांपर्यंत सूट मिळाली. कनिष्ठ व होतकरू नेमबाजांनाही दोन शस्त्रांची मुभा देण्यात आली. ही सूट सामान्य नागरिक म्हणून मिळणाऱ्या दोन शस्त्रांव्यतिरिक्त आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत वयाची अट लक्षात घ्यावी लागते. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगता येत नाही. परंतु विहित वय पूर्ण केलेल्या प्रशिक्षणार्थीस विहित अटींवर प्रशिक्षणात शस्त्र वापरता येते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या सदस्यास कर्तव्याच्या ओघात कलम ४५ चे संरक्षण आहे. १९५१ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेमुळे या खेळास संघटित रूप आले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारातील पॉइंट २२ रायफल परवान्याच्या कक्षेत येते. नेमबाजास लागणारी प्रत्येक सवलत कायद्याने नेमकेपणाने सांगितली आहे, हे येथे दिसून येते.

शिकारी : लोप पावलेला वर्ग

१९५९ मध्ये ‘क्रीडा’ या शब्दात शिकारही गृहीत होती. १९७२ च्या मूळ वन्यजीव अधिनियमातही शिकारीचे परवाने देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने रद्द झाले आणि कलम ९ खालील बंदीला कलम ११ व १२ एवढेच अपवाद उरले. म्हणजे शस्त्र कायद्यातील शब्द तोच राहिला, पण त्यामागील व्यवहार नाहीसा झाला. आज हौशी शिकाऱ्यासाठी कोणताही परवाना अस्तित्वात नाही.

शेतकरी : दोन कायद्यांच्या मध्ये

खरी अडचण येते ती पीकसंरक्षकाची. शस्त्र कायदा त्यास पीकसंरक्षणासाठीच बंदूक देतो. परंतु पिकात शिरलेल्या प्राण्यावर ती झाडण्यासाठी कलम ११ खालील स्वतंत्र लेखी परवानगी लागते. ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणांसह देतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये असल्याने पिकाच्या नुकसानीवरून अशी परवानगी देता येते. गवा मात्र अनुसूची एकमध्ये आहे. तो मानवी जीवितास धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका विकलांग वा रोगग्रस्त असला, तरच परवानगीचा विचार होतो. पिकाची नासाडी हे कारण पुरेसे नाही. प्राणरक्षणार्थ सद्भावनेने केलेली हत्या गुन्हा नसली तरी मारलेला प्राणी शासनाचीच मालमत्ता ठरतो.

उल्लंघनाचे परिणामही दुहेरी आहेत. शिकारीच्या गुन्ह्यास शिक्षा तर आहेच. शिवाय कलम ५१ नुसार न्यायालय गुन्ह्यात वापरलेल्या शस्त्राचा परवाना रद्द करून दोषी व्यक्तीस पाच वर्षे नव्या परवान्यास अपात्र ठरवू शकते. याखेरीज निवडणूक काळात परवान्याची शस्त्रे जमा करून घेण्याचे आदेश निघतात. ते भातकापणीच्या दिवसांत निघाल्यास ज्या प्रयोजनासाठी बंदूक दिली, तेच त्या हंगामापुरते निष्फळ होते.

अभयारण्यालगतची नोंदणी

वन्यजीव अधिनियमाचे कलम ३४ तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. अभयारण्य घोषित झाल्यापासून तीन महिन्यांत, त्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आपल्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज करावयाचा असतो. या परिघात नवा परवाना देण्यासही त्याची पूर्वसंमती आवश्यक आहे. ही तरतूद नेमबाज आणि शेतकरी असा भेद करीत नाही. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राधानगरी अभयारण्याच्या परिघात राहणाऱ्या दोघांनाही ती सारखीच लागू होते. मात्र नेमबाजाचे लक्ष्य कागदाचे असल्याने नोंदणीनंतर त्याच्या सरावात वन विभागाचा प्रश्न सहसा उरत नाही. शेतकऱ्याला मात्र महसूल, पोलीस आणि वन या तिन्ही यंत्रणांशी संबंध ठेवावा लागतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, शस्त्र कायद्याने क्रीडा नेमबाजाला काळानुरूप सुस्पष्ट स्थान दिले, शिकारी हा वर्ग वन्यजीव कायद्याने संपविला, आणि पीकसंरक्षक शेतकरी मात्र दोन्ही कायद्यांच्या सीमारेषेवर राहिला. वन्यजीव संरक्षण शिथिल करणे हा त्यावरील उपाय नव्हे. पीकसंरक्षणाचा परवाना देतानाच कोणत्या प्राण्यासाठी कोणाची परवानगी लागते, कोणत्या प्राण्याबाबत ती मिळणारच नाही आणि कलम ३४ ची नोंदणी कोठे करावयाची, हे परवानाधारकास मराठीत लेखी सांगितले गेल्यास बऱ्याच अंशी हा पेच सुटू शकेल. गव्यासारख्या प्राण्याबाबत बंदुकीऐवजी वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई हाच शेतकऱ्याचा खरा आधार आहे. विधी, राज्यशास्त्र आणि पर्यावरण या विषयांच्या अध्यापनात हे दोन अधिनियम एकत्र अभ्यासले जाणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.