अक्षर एक, भाव वेगळा

2009 साली सेसा गोवाने धेंपो समूहाचा लोहखनिजाचा खाण व्यवसाय 1,750 कोटी रुपयांना घेतला, डिचोलीची खाण सेसाकडे गेली, आणि पेडणे-डिचोलीत ज्यांच्या डिमॅट खात्यात सेसाचे शेअर पडून होते ते नकळत चीनवर पैसे लावून बसले. पूर्वी डंपवर टाकून दिलेले हलक्या प्रतीचे खनिजही तेव्हा चिनी पोलाद कारखाने उचलत होते. 2012 साली खाणी बंद पडल्या. पुढे सेसाची वेदांता झाली, त्यात जस्त, अ‍ॅल्युमिनियम, तेल सगळे आले आणि चीनशी असलेला सरळ धागा तुटला. मग थेट चिनी कंपनीचाच शेअर का घेऊ नये? घ्यावा की, पण कोणता?

मानशान आयर्न अँड स्टील ही पोलाद कंपनी 1993 साली हाँगकाँगला नोंदली गेली आणि लगोलग शांघायलाही. हाँगकाँगचा तो एच शेअर, शांघायचा युआनमधला तो ए शेअर. कंपनी तीच, लाभांश तोच, भाव मात्र निराळा, एचचा बहुधा कमी. माझ्या मते हे अक्षर कंपनीविषयी काहीच सांगत नाही. तो शेअर कोणाला घेता येतो, एवढेच सांगते. पुरावा बी शेअरचा. 1992 पासून डॉलरमधले हे शेअर परदेशी लोकांसाठी राखीव होते. फेब्रुवारी 2001 मध्ये चिनी नागरिकांनाही मुभा मिळाली आणि शांघायचा बी निर्देशांक जूनपर्यंत दुपटीच्या वर गेला. त्या चार महिन्यांत कारखान्यांत असे काय जादा पिकले होते?

कोणी म्हणेल, मग स्वस्तातला एच घ्यावा. लाभांशाचा उतारा त्यावर जास्त पडतो, हे खरे. पण एचचा ए करता येत नाही. स्वस्तात घेतलेले स्वस्तातच विकावे लागते. 2014 मध्ये शांघाय-हाँगकाँग शेअर बाजारांची जोडणी झाली, तरी दरी बुजली नाही. न्यूयॉर्कला नोंदलेल्या अलिबाबापाशी मात्र माझा मुद्दा तोकडा पडतो. तिथे हाती येतो तो केमन बेटांवरच्या कंपनीतला वाटा, आणि चीनमधल्या परवानाधारक कंपन्यांशी तिचे नाते बरेचसे करारांपुरते. म्हणजे फरक नुसत्या भावाचा नाही, हक्काचाही आहे.

दोन भावांचा हा खेळ आपल्याकडेही आला आहे. हँग सेंग निर्देशांकावरचा ईटीएफ 2010 पासून एनएसईवर मिळतो. भारतीय म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीची 7 अब्ज डॉलरची मर्यादा भरत आल्याने फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांना नवे पैसे घेणे थांबवावे लागले, नवी युनिटे निघेनात, आणि अशा ईटीएफची युनिटे एनएव्हीपेक्षा, म्हणजे युनिटमागच्या मालमत्तेच्या मोलापेक्षा, चढ्या भावाने विकली जाऊ लागली. तेव्हा ऑर्डर टाकण्याआधी त्या वेळची अंदाजित एनएव्ही (iNAV) पाहा.