जनावरांचा बाजार तिघांचा

जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. शेतकरी आणि व्यापारी बोटे दाबून भाव ठरवतात. आम्ही कापडवाले, आमचा संबंध त्या रुमालापुरताच! पण बाजार भरला नाही तर आमच्या दुकानीही गिऱ्हाईक फिरकत नाही.

मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस-रेडा त्या बंदीत नाहीत, तरी त्यांच्याही गाड्या वाटेत अडवल्या जाऊ लागल्या. अखेर 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी बिरादरीने खरेदीच थांबवली. भाकड म्हैस विकून दुभती आणणारा शेतकरी अडला. चामडे आले नाही की चर्मकार आणि ढोर कारागीरही बसून राहतात. त्या वेळी काही शेतकरी पुढारी कुरेशींच्या बाजूने बोलले, याची आम्हाला कदर आहे.

बंदीबद्दल मतभेद राहतील, राहू द्यात. पण बाजार समितीची पावती आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला असलेली गाडी पोलिसांखेरीज कोणी अडवू नये, एवढ्या मागणीवर तिघांनी सही करायला काय हरकत आहे? आणि आमच्या भावांनीही गाडीत जनावरे कोंबणे बंद करावे. अडवणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत देतो.