भाऊच्या धक्क्यावरून रमतगमत कोकण

मे महिन्यात लालबाग-परळहून गाडीने कोकणात निघालेली बहुतेक कुटुंबं पहाटे वाशीचा पूल गाठतात आणि पेण येईस्तोवर हैराण होतात. गावी पोचायची घाई असेल तर इलाज नाही. पण वाटेत स्नेह्यांकडे मुक्काम करत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं असेल, तर सुरुवात घराजवळच आहे : माझगावचा भाऊचा धक्का.

हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांच्या नावाच्या धक्क्यावर चाकरमान्यांच्या पिढ्या उतरल्या आणि चढल्या. रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी इथूनच सुटली होती. ती वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे गोव्याच्या आगबोटीही थांबल्या. धक्का तगला तो मासळीच्या बाजारावर.

तो बाजार बघायचा तर उजाडायच्या आत जावं, आणि पायात जुन्या चपला घालून. खाली सगळा चिखल-पाणी. ट्रॉलरमधून टोपल्या वर येतात, बर्फाचा चुरा पडत असतो आणि लिलावात कोळणी अशा भाव पुकारतात की नवख्याला काय विकलं गेलं तेच कळत नाही. मध्ये उभं राहिलात तर ‘बाजूला व्हा’ ऐकावं लागेल. तो मान आपलाच. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात गडबड जास्त.

मार्च २०२० पासून इथून मांडव्याला रो-रो जाते. गाडी थेट पोटात घालायची आणि वर डेकवर जाऊन बसायचं. डावीकडे घारापुरी दिसते. तासाभरात मांडवा. रस्त्याने हेच अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे.

पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघी, मग दिवेआगर-श्रीवर्धन. बागमांडल्याहून वेश्वीला उतरलात की रत्नागिरी जिल्हा लागला. केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ. तिथली धोपाव्याची जंगलजेटी २००३ पासून चालू आहे, म्हणून गुहागरला जायला चिपळूणचा वळसा नको. खाडी आली की थांबायचं, मुलांनी कठड्याशी जायचं, मोठ्यांनी चहा घ्यायचा. घाईवाल्या माणसाला हा रस्ता सोसणार नाही.

रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये. हेच दिवस लालबागला वर्षाचा मसाला कुटण्याचे. डंक्यावरून आणलेला ताजा मसाला आणि चिवडा गल्लीतला किलोभर चिवडा दिला की यजमानीण खूश. परत येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणि आमसुलं गाडीत येतातच.

शनिवार-रविवारी रो-रोवर गाडीला ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नका. तिकीट आधी काढा, आणि जमलं तर मधल्या वारी निघा.