नाव बदलले, आता नावाला जागू या



इंदिरानगरात आम्ही कार्यकर्ते लोकांचे अर्ज भरून देतो, तेव्हा नाव बदलायला कोणी ना कोणी येतेच. कुणाच्या दाखल्यावर कचरू, कुणाच्या धोंडाबाई. मूल जगत नसले की दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे ठेवीत. ती इतर समाजांतही होती. पण आपल्या बाबतीत त्यामागे शास्त्राचा शिक्काही होता. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ती मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा. मग घरोघरी सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा ही नावे आली.

आता कागदोपत्री काय करावे? नावातील बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. अर्ज हल्ली ऑनलाइन भरता येतो. राजपत्राची प्रत जपून ठेवावी आणि आधार, पॅन, बँक सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्यावे. मात्र जुने दाखले फाडू नका! बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० साली मिळाल्या. पण जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो बहुधा आजोबांच्या त्याच जुन्या नावाचा असतो. नातवाचा प्रवेश त्या कागदावर अडू शकतो. आजोबांच्या नावाची लाज आपण का बाळगावी? लाज वाटायची तर ते लादणाऱ्यांना वाटावी.

कागद झाला, तरी काम अर्धेच झाले. अंगुलिमालाची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्याचे मूळ नाव अहिंसक. पण हातून हत्या घडत गेल्या. तथागतांना शरण गेल्यावर, भिक्खू झाल्यावर तो म्हणाला की, आज माझे नाव खरे झाले. नाव आधी मिळाले, त्याला शोभेल असे वागणे फार उशिरा आले.

बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद म्हणजे नागसेन भिक्खूंना एकामागून एक प्रश्न विचारणारा राजा. मग आपल्या घरातला मिलिंद प्रश्न विचारू लागला की त्याला गप्प का बसवावे? संघमित्रा धम्मासाठी समुद्र ओलांडून श्रीलंकेला गेली. आपल्या संघमित्रेला परगावच्या कॉलेजात पाठवताना का कचरावे?

आणि साठीच्या मावशींनी सुजाता नाव घेतले असेल, तर शेजाऱ्यांनी हसू नये. बचत गटाच्या वहीत तेच नाव लिहावे, त्याच नावाने हाक मारावी. चारचौघांच्या तोंडी रुळले की नाव अंगी लागते. प्रत्येक घराने आजच मुलांना बसवून त्यांच्या नावाची गोष्ट सांगावी, एवढीच आमची विनंती.