बक्षिसाच्या उंबरठ्यावरील डाव

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं जणांच्या भुवया वर चढतील. निवृत्त शाळामास्तरानें पत्त्यांच्या जुगारावर बोलावें, हें त्यांना विपरीत वाटेल. म्हणून आरंभींच सांगून ठेवितों कीं, पोकर ह्या खेळाची भलावण करण्याचा माझा हेतु नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला, आणि अशा खेळांपायीं झालेली घरांची धूळधाण हेंच त्याचें कारण होतें. परंतु ह्या खेळांत एक प्रश्न असा उभा राहतो कीं, तो शाळेच्या फळ्यावर स्वच्छ मांडतां येतो. घेतलेला निर्णय योग्य होता कीं अयोग्य, हें कशावरून ठरवावयाचें? त्याच्या परिणामावरून, कीं निर्णयाच्या क्षणीं हातीं असलेल्या माहितीवरून? हा प्रश्न पत्त्यांपुरता नाहीं, म्हणूनच तो आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम खेळाची थोडी तोंडओळख करून घेऊं. अमेरिकेंतील लास व्हेगास ह्या शहरीं, बेनी बिनियन ह्यांच्या हॉर्सशू नांवाच्या जुगारगृहांत, १९७० सालीं ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’ ही स्पर्धा सुरू झाली. तिच्या मुख्य सामन्याची प्रवेश फी १०,००० डॉलर आहे. ह्या सामन्यांत खेळला जाणारा प्रकार टेक्सस होल्डेम होय. प्रत्येकाला दोन पानें झांकलेलीं मिळतात. टेबलावर क्रमाक्रमानें पांच पानें उघडीं मांडतात. आणि एकंदर सातांपैकीं उत्तम पांच पानें ज्याचीं, त्याचा डाव. पैजा चकत्यांनीं लावावयाच्या. ह्या चकत्यांना चिप्स म्हणतात. दर डावाला दोघा खेळाडूंनीं पानें पाहण्यापूर्वींच सक्तीची पैज ठेवावी लागते, एकानें लहान व दुसऱ्यानें मोठी. ही पाळी टेबलाभोंवतीं फिरत असते. समोरच्याची पैज पसंत नसल्यास पानें टाकून द्यावीं. पसंत असल्यास तितक्याच चकत्या घालून ती स्वीकारावी. ज्याच्या चकत्या संपल्या, तो सामन्यांतून बाद.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. सामन्यांतील चकती म्हणजे पैसा नव्हे. ती कोणी मध्येंच मोडून देत नाहीं. पैसा मिळतो तो शेवटीं लागलेल्या क्रमांकावर. ह्या स्पर्धेच्या आरंभीच्या वर्षांत मुख्य सामन्याची सर्व रक्कम एकट्या विजेत्याची असे. तेव्हां चकती आणि पैसा ह्यांचें प्रमाण सरळ होतें. १९७८ पासून मात्र रक्कम वरच्या अनेक क्रमांकांत वांटली जाऊं लागली, आणि त्या दिवसापासून हें सरळ प्रमाण मोडलें. २०२३ च्या मुख्य सामन्यांत १०,०४३ प्रवेश नोंदले गेले. त्यांपैकीं १,५०७ क्रमांकांना बक्षीस होतें. पहिलें १ कोटि २१ लाख डॉलरचें, तर शेवटचें १५,००० डॉलरचें. १,५०८ व्या क्रमांकाला बक्षिसाच्या निधींतून कांहींच नाहीं. कित्येक दिवस खेळून ह्या रेषेच्या अलीकडे बाद होणें, म्हणजे १०,००० डॉलर गमावून रिकाम्या हातीं घरीं जाणें होय.

ह्या रेषेला खेळाडू ‘बबल’, म्हणजे बुडबुडा, म्हणतात. ती जवळ आली कीं प्रत्येक जण वेळ काढूं लागतो; दुसऱ्या टेबलावर कोणी बाद व्हावा आणि आपण तरून जावें, ही त्याची इच्छा असते. म्हणून पंच सर्व टेबलांवर एका वेळीं एकच डाव खेळवितात. सर्वांचा संपल्याखेरीज पुढला वांटीत नाहींत.

आतां एक लहान उदाहरण घेऊं. दहा जणांनीं प्रत्येकीं १०० डॉलर भरले, एकूण १,००० जमले. पहिल्यास ५००, दुसऱ्यास ३००, तिसऱ्यास २००, चौथ्यास शून्य. सहा जण बाद झाले असून चौघे उरले आहेत. त्यांना अनंतराव, बळवंतराव, केशवराव आणि दामोदरपंत अशीं नांवें देऊं. प्रत्येकाजवळ ५,००० चकत्या आहेत. बळवंतरावांनीं २०० ची लहान व अनंतरावांनीं ४०० ची मोठी सक्तीची पैज ठेविली. केशवराव व दामोदरपंत ह्यांनीं पानें टाकून दिलीं. बळवंतरावांनीं एकदम आपल्या सर्व चकत्या पुढें लोटल्या. अनंतरावांच्या हातांत दोन अठ्ठ्या आहेत. पैज स्वीकारावी कीं पानें टाकावीं?

नुसत्या चकत्यांचा हिशेब सोपा आहे. अनंतरावांना आणखी ४,६०० घालावयाच्या आहेत. जिंकले तर १०,००० हातीं येतील. म्हणजे शंभरांत ४६ वेळां जिंकण्याचा संभव असला तरी पुरे. पुष्कळ खेळाडू येथेंच थांबतात आणि “मला भाव मिळत होता” असें म्हणून मोकळे होतात. पण आपल्याला हिशेब पैशांचा करावयाचा आहे.

त्याची रीत मूळ घोड्यांच्या शर्यतीसाठीं निघाली. डेव्हिड हार्व्हिल ह्या संख्याशास्त्रज्ञानें १९७३ सालीं ती प्रसिद्ध केली, व पुढें १९८७ सालीं मेसन मॅल्मुथ ह्या लेखकानें ती पोकरला लाविली. रीत अशी: एकूण चकत्यांपैकीं ज्याचा जितका हिस्सा, तितका त्याचा पहिला येण्याचा संभव. पहिला कोण आला हें धरून त्याला बाजूला काढावें, आणि उरलेल्यांत दुसरा क्रमांक त्याच हिश्श्यानें ठरवावा, तिसराहि तसाच. मग प्रत्येक क्रमांकाचा संभव त्या क्रमांकाच्या बक्षिसानें गुणून बेरीज घ्यावी. ती बेरीज म्हणजे त्या चकत्यांची त्या घटकेची किंमत.

डावापूर्वीं चौघे सारखे होते, म्हणून प्रत्येकाची किंमत १,००० चा चौथा हिस्सा, २५० डॉलर. आतां समजा, अनंतरावांनीं पैज स्वीकारली आणि ते जिंकले. बळवंतराव बाद झाले. अनंतरावांजवळ १०,०००, इतर दोघांजवळ पांच पांच हजार. अनंतरावांचा पहिला येण्याचा संभव एक द्वितीयांश, दुसरा येण्याचा एक तृतीयांश, तिसरा येण्याचा एक षष्ठांश. म्हणजे २५० अधिक १०० अधिक ३३, एकूण ३८३ डॉलर. चकत्या दुप्पट झाल्या. पैसे मात्र २५० चे ३८३, म्हणजे दीडपटीहून किंचित् अधिक. हरले तर शून्य. आणि पानें टाकलीं तर ४,६०० चकत्या उरतात. त्यांची किंमत ह्याच रीतीनें सुमारें २३७ डॉलर येते. ३८३ मध्यें २३७ चें प्रमाण काढा. तें शेंकडा ६२ भरतें. चकत्यांच्या हिशेबानें ४६ पुरत होते, पैशांच्या हिशेबानें ६२ लागतात. सगळी चूक ह्या सोळांच्या अंतरांत घडते.

मग कमी झालेले पैसे गेले कोठें? लढाईपूर्वीं दोघांचे मिळून ५०० होते. लढाईनंतर जिंकणाऱ्याजवळ ३८३ च राहिले. उरलेले ११७ केशवराव व दामोदरपंत ह्यांनीं हात न हालवितां वांटून घेतले. दोघांची किंमत २५० वरून ३०८ वर गेली. दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

आतां परीक्षणाकडे वळूं. अनंतरावांनीं पैज स्वीकारली. बळवंतरावांनीं इस्पिकचा एक्का व बदामचा राजा दाखविला. अशा दोन पानांविरुद्ध दोन अठ्ठ्या शंभरांत सुमारें ५५ वेळां टिकतात. हे ५५ निम्म्याहून अधिक असले तरी ६२ हून कमी आहेत. ३८३ चे शेंकडा ५५ म्हणजे २११ डॉलर. पानें टाकून २३७ राहिले असते. म्हणजे बळवंतरावांचीं पानें उघडीं दिसत असतीं, तर आपलें पारडें जड असूनहि अनंतरावांनीं डाव सोडणेंच हिताचें होतें. समजा अठ्ठ्या टिकल्या, अनंतराव जिंकले, मित्रांनीं पाठ थोपटली. त्यामुळें २६ डॉलरचा तोटा नफा होत नाहीं. चुकीच्या रीतीनें उत्तर बरोबर आलेल्या मुलाला आम्ही मास्तर लोक पूर्ण गुण देत नसूं. कारण पुढल्या गणितांत ती रीत त्याला दगा देणार हें आम्हांला ठाऊक असे.

परंतु येथें दुसरा खड्डा आहे, आणि हुशार मनुष्यहि त्यांत पडतो. अनंतरावांना तीं पानें दिसत नव्हतीं. बळवंतराव कोणत्याहि दोन पानांवर चकत्या लोटणारे गृहस्थ असतील, तर वाटेल त्या पानांविरुद्ध दोन अठ्ठ्या शंभरांत सुमारें ६९ वेळां जिंकतात. ६९ हे ६२ हून अधिक; तेव्हां स्वीकारणें योग्य. उलट, ते केवळ मोठ्या जोड्या व एक्का-राजा ह्यांवरच लोटणारे असतील, तर टाकणें योग्य. अठ्ठ्या त्याच, चकत्या त्याच. उत्तर मात्र समोरच्या मनुष्याच्या संवयीवर फिरतें. ह्या खेपेस एक्का-राजा निघाला, एवढ्यावरून ते नेहमीं तसेंच खेळतात हें सिद्ध होत नाहीं. म्हणून डाव कोणी जिंकला ही जशी निर्णयाची कसोटी नव्हे, तशीं शेवटीं उघडलेलीं पानेंहि नव्हेत. आधींच्या तासा-दोन तासांत बळवंतरावांनीं किती वेळां असें केलें, हें पाहून त्यांच्या पानांविषयीं जो अंदाज बांधला, तो सुज्ञपणाचा होता काय, हाच खरा प्रश्न.

बळवंतरावांचेंहि परीक्षण झालें पाहिजे. आपल्या प्रतिपक्षाला ६२ ची अट आहे हें त्यांना कळत असेल, तर बहुतेक पानें तो टाकील हेंहि त्यांना कळतें. त्यानें टाकलीं कीं बळवंतरावांच्या चकत्या ५,४०० होतात व किंमत २६३ डॉलर. प्रथम लोटणाऱ्याला जिंकण्याच्या दोन वाटा असतात: समोरचा माघार घेईल, किंवा पानें जिंकतील. स्वीकारणाऱ्याला दुसरी एकच वाट. म्हणून उंबरठ्यावर पुढाकार स्वस्त आणि प्रतिकार महाग पडतो. मात्र समोरचा हट्टी असून अट न जाणणारा असेल, तर हेंच धाडस दोघांनाहि बुडवितें आणि केशवराव-दामोदरपंतांचें भलें करतें.

ही ६२ ची संख्या कोणी पाठ करूं नये. दामोदरपंतांजवळ पांचशेंच चकत्या असत्या, तर ते लवकरच बाद होणार हें उघड. अशा वेळीं आपण लढणें अधिकच महाग. आपणच सर्वांत दुबळे असूं, तर गमावण्यासारखें थोडें, म्हणून धाडसाला जागा अधिक. आणि बक्षिसें सर्व सारखीं असलीं, तर गोष्ट टोकाला जाते. मोठ्या स्पर्धेचीं प्रवेशपत्रें देणारे लहान सामने असतात. तेथें दहा जणांना सारखीं दहा प्रवेशपत्रें आहेत, अकरा जण उरले आहेत, आपल्याजवळ भरपूर चकत्या आहेत आणि एकाजवळ एका सक्तीच्या पैजेपुरत्याहि नाहींत, असें समजा. तेथें समोरच्या तुल्यबळानें सर्वस्व पणाला लाविलें, तर दोन एक्केसुद्धां टाकून देणें योग्य ठरतें. कारण अकरावें प्रवेशपत्र कोणी देत नाहीं आणि आपलें तर हातीं आल्यासारखेंच आहे.

ह्या रीतीला मर्यादा आहेत. पुढील डावीं सक्तीची पैज कोणावर येणार, कोण अधिक कुशल, हें ती मोजीत नाहीं. तथापि ती एक गोष्ट निःसंशय दाखविते: उरलें सुरलें सगळें पणाला लागतें, तेव्हां गमावण्याचें वजन तेवढेंच मिळविण्याच्या वजनाहून अधिक असतें. ज्याच्या गोठ्यांत एकच बैलजोडी आहे, त्याला दुसरी जोडी मिळण्याचा आनंद आणि आहे ती गमावण्याची आपत्ति हीं सारखीं नव्हेत. त्याच्या सावधपणाला भित्रेपणा म्हणणारा मनुष्य नुसत्या चकत्या मोजीत असतो.

ज्यांना आपल्या निर्णयांचें परीक्षण प्रामाणिकपणें करावयाचें आहे, त्यांनीं निकाल लागण्यापूर्वीं एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या. मला काय ठाऊक होतें? समोरच्याविषयीं मीं काय अंदाज केला व कशावरून? जिंकल्यास, हरल्यास आणि स्वस्थ बसल्यास माझी स्थिति प्रत्यक्षांत काय होईल? निकालानंतर लिहूं लागलें कीं मन लबाडी करतें. जिंकलों तर धोरण आठवतें, हरलों तर दैव आठवतें. पोकरमध्यें हीं उत्तरें अंकांत देतां येतात, एवढाच त्याचा विशेष. मुलीचें स्थळ पाहतांना, कर्ज काढतांना किंवा जमीन विकतांना ते अंक मिळत नाहींत. पण प्रश्न हेच तीन असतात, आणि कागद तर प्रत्येकाच्या घरीं आहे.